वाहतं आहे तोवर

[दृश्य : भांड्यात ओतली जाणारी पांढरी भुकटी, संथ गतीत]

पिठासारखी दिसते, पण ओतताना पाण्यासारखी पसरते. भांडं हलवलं की वर चक्क लाट उठते. यातला एकेक कण म्हणजे काचेचा पोकळ मणी. हे मणी रेझिनमध्ये कालवून खोल समुद्रातही तरंगणारा घट्ट, हलका फोम करायचाय. साधारण ६० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीचा. भिंत जेमतेम १ मायक्रॉनची. काच पाण्याच्या अडीचपट जड, पण हा मणी मात्र पाण्याच्या पावपटच भरतो. माणसांनी मास्क लावलेत ते या भुकटीसाठी. श्वासाच्या झुळकीनेही ती उडते.

[दृश्य : रेझिनमध्ये पहिली पळी]

इपॉक्सी रेझिन, म्हणजे घट्ट होऊन कडक होणारं द्रव प्लास्टिक, मधासारखं, आरपार दिसणारं. त्यात हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारं रसायन, पडला की घड्याळ सुरू. आता मणी... आणि सगळं दुधाळ होतं. रंग घातलेला नाही. असंख्य काचगोळ्यांवरून उजेड विखुरतो, इतकंच.

हा फोम किती दाब सोसतो, हे सगळे विचारतात. ओतताना तो कसा वाहिला, हे कुणी विचारत नाही. ठोकळ्याचं भलंबुरं मात्र बरंचसं इथेच ठरतं, या भांड्यात.

मणी थोडे असतील तर हिशोब सोपा : घनफळात १ टक्का गोळे, चिकटपणात, म्हणजे वाहण्याच्या अडथळ्यात, अडीच टक्के वाढ. हे गणित आइन्स्टाइनचं. त्याच्या १९०५च्या प्रबंधात अडीचऐवजी १ आला होता. चूक सापडली, ती १९११मध्ये दुरुस्त झाली. पण मण्यांची गर्दी वाढली की हे सूत्र पुरत नाही. एकसारखे गोळे कसेही ठोकून भरा, ६४ टक्क्यांच्या आसपास जागा संपते. आपलं मिश्रण ६० टक्क्यांवर आहे. वजनात बघाल तर मणी जेमतेम पाव हिस्सा.

[दृश्य : तिरकं केलेलं भांडं, जवळून]

बघा, हलत नाही. पळीने रेटलं की वाहतं, हात थांबला की पुन्हा हटून बसतं. अशा वेळी मिक्सरचा वेग वाढवायचा मोह होतोच. तिथेच घात होतो. पाती मणी फोडतात, फुटक्या मण्यात रेझिन शिरतं आणि हलकेपणा जातो तो कायमचा. म्हणून हे हात इतके सावकाश चाललेत.

[दृश्य : दोन काचेच्या नळ्या, शेजारी शेजारी]

उजवीकडे मणी दाटीवाटीने बसलेत, एकमेकांना हलू देत नाहीत. डावीकडे कमी आहेत, आणि बघा, वर साय धरलीय. मणी तरंगत वर चाललेत. दुप्पट व्यासाचा मणी चौपट वेगाने चढतो. गरम करून लवकर घट्ट करू म्हणाल, तर रेझिन आधी पातळ होतं आणि मणी जास्तच पळतात. मग घट्ट करणारी रासायनिक क्रिया त्यांना गाठते. ही शर्यत कुणी जिंकायची, ते तापमान ठरवतं.

[दृश्य : लाकडी काडी, ओढला जाणारा धागा]

काडी बुडवून उचलली की आधी थेंब पडतो. थोड्या वेळाने लांब धागा येतो. मग धागा तुटून मागे आखडतो... हा जेल, म्हणजे रेझिनचं वाहणं थांबलं. आता मणी जिथे आहेत तिथेच राहणार.

घट्ट होताना इपॉक्सी स्वतः तापतं. मण्यांमुळे रेझिन कमी, म्हणून एकूण उष्णताही कमी. पण हेच मणी ती उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. जाड ठोकळ्याची बाजू कोमट लागते आणि गाभा पेटल्यासारखा तापलेला असतो. म्हणून आधी कमी तापमानावर जेल होऊ द्यायचं, मग पायरीपायरीने भट्टी वाढवायची.

[दृश्य : करवतीने कापलेला ठोकळा, मध्यभागी पिवळट डाग, तडा]

हा घाईत केलेला. टाकून दिला; वितळवून पुन्हा ओतता येत नाही.

१९६०मध्ये त्रिएस्त ही पाणबुडी मारियाना गर्तेच्या, समुद्रातल्या सर्वांत खोल जागेच्या, तळाशी गेली, ती तरंगण्यासाठी पाण्याहून हलक्या पेट्रोलची प्रचंड टाकी घेऊन. २०१२मध्ये चित्रपट दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन तिथेच उतरला, तेव्हा त्याच्या डीपसी चॅलेंजर या पाणबुडीचा बराचसा भाग काचमण्यांच्या अशाच फोमचा होता.

[दृश्य : पाण्याच्या टाकीत सोडलेला ठोकळा. बुडतो, वर येतो. निवेदन नाही.]