झेंड्याच्या जागी बास्केट

(दृश्य : सुरिबाची डोंगर, १६ मिमी रंगीत फिल्म)

झेंड्याची काठी नीट बघा. पाण्याचा पाइप आहे तो. भोवती सहा जण, अमेरिकेचे मरीन सैनिक. २३ फेब्रुवारी १९४५ची दुपार. दुसरं महायुद्ध चालू आहे. जपानचं इवो जिमा बेट, टोकियोच्या दक्षिणेला सुमारे १२०० किलोमीटरवर.

सकाळी इथे एक झेंडा लागला होता, पण तो लहान पडला. खालच्या किनाऱ्यावरून आणि बोटींवरून दिसावा म्हणून हा मोठा आणवला.

(दृश्य : रोझेन्थाल, कॅमेऱ्यासह)

असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार जो रोझेन्थाल. नजर अधू म्हणून सैन्यानं यांना घेतलं नव्हतं. उंचीही बेताची, म्हणून दगड रचून त्यावर चढले. शेजारी सार्जंट बिल जिनाऊस्ट, हातात मूव्ही कॅमेरा. एवढ्यात काठी वर जायला लागली. रोझेन्थाल गर्रकन वळले आणि खटका दाबला. हाच तो फोटो.

आणि मघाची रंगीत फिल्म जिनाऊस्टची. नऊ दिवसांनी ते याच बेटावर मारले गेले. झेंडा उभारणाऱ्या सहांपैकी तिघंही इथेच पडले. फोटोत चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत. कोण कोण होतं, ती यादी मरीन कोअरला २०१६मध्ये दुरुस्त करावी लागली, आणि २०१९मध्ये पुन्हा.

(दृश्य : युद्धरोख्यांचं पोस्टर)

हा फोटो विक्रीच्या कामाला पहिल्यांदा लावला तो सरकारनंच. युद्धाच्या खर्चासाठी लोकांकडून पैसे उभे करायचे, ते रोखे खपवायला. तेही सांगायला हवं. पण त्या पोस्टरवर झेंडा होता आणि माणसंही तीच होती.

(दृश्य : टी-शर्ट. कॅमेरा खालून वर, सावकाश)

आता हा शर्ट. काठीला तसेच भिडलेले देह, तसाच तिरका खांब. अजून वर चला. झेंडा असायला हवा तिथे बास्केटबॉलची रिंग. नाव, 'बँड ऑफ बॉलर्स'. क्रिकेटमधला बॉलर नव्हे हं, बास्केटबॉल खेळणारा. कंपनी बाल्टिमोरची, अंडर आर्मर. खिल्ली उडवायचा हेतू नसेलही. पण फोटो समोर ठेवल्याशिवाय ही आकृती अशी जुळत नाही. आणि वेळ कुठली, तर मे २०१५, मेमोरियल डेचा शनिवार-रविवार. युद्धात मेलेल्यांची आठवण काढायचा दिवस तोंडावर आलेला.

माजी सैनिक सोशल मीडियावर भडकले, कंपनीनं माफी मागितली, शर्ट विक्रीतून काढला.

(दृश्य : आर्लिंग्टन, मरीन कोअर स्मारक, पहाट)

त्याच फोटोवरून घडवलेलं शिल्प, वॉशिंग्टनजवळ. शिल्पकार फेलिक्स डी वेल्डन. अनावरण १० नोव्हेंबर १९५४. एकेक पुतळा ३२ फुटी, काठी ६० फूट. बोटांच्या पकडीकडे बघा. सहाही जण ब्राँझचे. झेंडा मात्र खरा, कापडाचा. रात्रीही उतरवत नाहीत.

(निवेदन थांबतं. कठड्याशी उभे असलेले, टोपी काढून हातात धरलेले आजोबा. फक्त वाऱ्याचा आवाज.)