पोच घेतली का?

नाशिकच्या सातपूरमधलं हे छोटं ऑफिस. टेबलावर गट्टूचे दोन नमुने आणि त्यांच्याखाली दाबून ठेवलेली महाटेंडर्सची, म्हणजे सरकारी टेंडरांच्या वेबसाइटची, प्रिंट. ठेकेदाराच्या नावापुढे शेरा: अपात्र.

काम काँक्रीट रस्त्याचं. यांनी तसा रस्ता केलाय, दाखलाही जोडला होता. पण दाखल्यात रस्ता आणि गटार यांची रक्कम एकत्र. नुसत्या रस्त्याची किती? कळत नाही. म्हणून छाननीत ‘समान कामाचा अनुभव नाही’. आता यांचा दुसरा लिफाफा, दराचा, उघडणारच नाही. सगळ्यात कमी दर यांचाच असला, तरी तो तसाच बंद राहणार.

पहिली दाद मागायची ती टेंडर काढणाऱ्या कार्यालयाकडेच. लेखी. ठेकेदार मंडळी ‘साहेबांशी बोललोय’ म्हणत दिवस काढतात. पण फोनला आवक क्रमांक नसतो. नवा दाखला आता सहसा चालत नाही. आधी दिलेल्या दाखल्याचाच खुलासा करायचा: अंतिम बिलात रस्ता एवढ्याचा, गटार एवढ्याचं. छाननीचे कागद माहिती अधिकारात मागावेत, तर उत्तर यायला 30 दिवस. त्यात 2027 चा सिंहस्थ तोंडावर, कामांची घाई. तोवर वर्क ऑर्डर निघून साइटवर खडी पडलेली असते.

इथे भागलं नाही तर हायकोर्ट. धुळे-जळगावकर संभाजीनगरच्या खंडपीठाकडे जातात, नाशिककरांनी सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरून मुंबई गाठायची. पण निर्णय बरोबर की चूक यात कोर्ट फारसं शिरत नाही. तो कसा घेतला, हे बघतं. नागपूर मेट्रोच्या 2016 च्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने तर सांगितलं, की अट ज्याने लिहिली, तिचा अर्थही त्यानेच लावावा. मनमानी किंवा बदहेतू असेल तरच कोर्ट मध्ये पडेल.

आणि 1979 चा रमणा शेट्टी खटला. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाचा ठेका. अट होती दुसऱ्या श्रेणीच्या नोंदणीकृत हॉटेलवाल्याची, 5 वर्षांच्या अनुभवाची. ठेका मिळाला ती पुरी न करणाऱ्याला. कोर्ट म्हणालं, स्वतः घातलेली अट सरकारी यंत्रणेला मोडता येणार नाही. आजही वकील हा निकाल पुढे करतात. दाद मागणाऱ्या शेट्टींच्या हाती मात्र काही लागलं नाही. ते उशिरा आले होते, आणि समोरच्याने तोवर पैसे ओतले होते.

सकाळचे पावणेदहा. आवक-जावकची खिडकी अजून बंद आहे. आपले ठेकेदार बाहेर उभे, हातात अर्जाच्या दोन प्रती. एक आत जाईल. दुसरीवर तारखेचा शिक्का हवाय.