चिंगीची गोधडी

[गच्ची, सकाळ. दोरीवर गोधड्या.]

इंदूर, लोकमान्य नगर. दोरीवर वाळताहेत त्या गोधड्या चिंगीच्या. चिंगी म्हणजे काकूंची लॅब्रॅडॉर, वय नऊ. झोपेत तिची लघवी गळते. जुन्या सुती लुगड्यांच्या, हातानं शिवलेल्या या गोधड्या ओल पटकन शोषतात. खाली तान्ह्या बाळाची रबरी चादर, म्हणजे गादी वाचते. काकू आधी व्हिनेगर घातलेल्या पाण्यात बुडवतात, मग साबण, मग कडक ऊन. वास राहत नाही.

[चिंगी झोपलेली. मागच्या पायांखाली पसरत जाणारी ओल.]

हे नीट पाहा. ती गाढ झोपेत आहे, तिला काही कळलेलं नाही. जागेपणी हीच चिंगी अंगणात जाऊन नेहमीसारखी बसते. सवय बिघडलेली नाही, खोडी तर नाहीच. मग तिच्यावर ओरडायचं कशासाठी?

मूत्राशयाच्या तोंडाशी स्नायूंची पकड असते. नसबंदीत अंडाशय काढल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन, म्हणजे मादीचं संप्रेरक, कमी होतं आणि काही माद्यांची ही पकड सैल पडते. कधी काही महिन्यांत, कधी कित्येक वर्षांनी. मोठ्या अंगाच्या जातींत हे जास्त दिसतं. म्हणून नसबंदी वाईट ठरत नाही. गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार तिनंच टळतो.

[पहाट. काकूंच्या हातात ओगराळं.]

पण सैल पकड हे एकच कारण नसतं. मूत्रमार्गाचा संसर्ग, खडा, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, स्टेरॉइडची औषधं, यांपैकी काहीही असू शकतं. म्हणून आधी लघवी तपासायची. चिंगी बसली की काकू मागून अलगद ओगराळं सरकवतात. दांडा लांब, तिला पत्ताही लागत नाही. हे ओगराळं आता फक्त याच कामाचं. नमुना पहाटेचा, पहिला. स्वच्छ बाटलीत भरून लगेच दवाखान्यात. उशीर होणार असेल तर तोवर फ्रीजमध्ये.

[दवाखाना. काचेवर एक थेंब.]

रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब पुरतो. लघवी दाट की पातळ, ते इथं कळतं. सतत पातळ येत असेल आणि पाणी पिणंही वाढलं असेल, तर शोध दुसरीकडे घ्यावा लागतो. संसर्गाचं कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, करायचं झालं तर नमुना सुईनं थेट मूत्राशयातून काढतात, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत. जमिनीवरच्या किंवा भांड्यातल्या लघवीत बाहेरचे जंतू मिसळलेले असतात.

[काकू ओल्या फडक्यानं पुसताना.]

मांड्यांच्या आतली कातडी ओली राहिली की लाल होते, सोलते. कोमट पाणी, मऊ फडकं, मग पूर्ण कोरडं. लांब केस असतील तर तिथले कापून टाका.

तपासणी न करताच काही घरांत कुत्रं बाहेर बांधलं जातं, कुठं रस्त्यावरही सोडलं जातं.

[वाटीत गोळी, शेजारी पाण्याचं भांडं.]

खरं तर बहुतेक माद्यांना औषधानं चांगला आराम पडतो. एक प्रकार ही पकड घट्ट करतो, त्यात रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. दुसरा इस्ट्रोजेनची उणीव भरतो. कुठलं, किती, हे पशुवैद्यच ठरवतील. घरातली माणसांची गोळी देऊ नका. बहुधा पशुवैद्यांनी दिलेलं औषध कायमचं घ्यावं लागतं. आणि पाणी तोडू नका. झोपण्याआधी एक फेरी जास्त मारा, पण भांडं भरलेलं ठेवा.