आधी हेडफोन, मग मल्टिमीटर, आणि अ‍ॅम्प लागलाच तर

सुरुवातीलाच वाईट बातमी सांगून टाकतो, म्हणजे नंतर भांडणं नकोत. 2017 साली येरून ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाने 283 हेडफोनांचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स आणि त्यांची दुकानातली किंमत शेजारी शेजारी ठेवून बघितली, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध सापडला नाही. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणजे बास किती येतोय, मधला भाग किती, वरचे सूर किती, थोडक्यात तुमच्या कानाला जे लगेच जाणवतं तेच. म्हणजे पाच हजारवाला आणि लाखवाला यात पैसे कशाचे जास्त, तर मटेरियल, आराम, पार्ट मिळणं, कंपनीचं नाव, आणि हो, कधीकधी आवाजाचे पण. कधीकधी.

म्हणून मी उदाहरण एकच घेणार आहे, सेनहायझर एचडी 600 आणि त्याचा भाऊ 650. 600 आला 1997 मध्ये, 650 आला 2003 मध्ये, आणि अजून लोक घेतायत, इतकी वर्षं एखादी गोष्ट बाजारात टिकते तेव्हा तिच्यात काहीतरी असतं. 2016 पासून मासड्रॉप नावाच्या अमेरिकन ऑनलाइन दुकानाने 650 चंच जवळजवळ सगळं घेऊन 6एक्सएक्स नावाने 200 डॉलरला विकायला काढला, तेव्हापासून तर 'पैसा वसूल'ची पट्टी तिथेच लागली. याच्यावर जायचं तर कारण पाहिजे. कारण असू शकतं, नाही असं नाही. याच कंपनीचा एचडी 800 आला 2009 मध्ये, खूप महाग, स्टेज एवढं मोठं की वाद्यं डोक्याच्या बाहेर मांडल्यासारखी वाटतात, पण 6 किलोहर्ट्झच्या आसपास एक टोचणारं शिखर होतं आणि शेवटी कंपनीनेच 800 एस काढून आत ते शिखर शोषून घेणारा अ‍ॅब्सॉर्बर बसवला. फ्लॅगशिपचं, म्हणजे कंपनीच्या सगळ्यात वरच्या मॉडेलचं, असं असतं, एक गोष्ट अफाट देतात आणि दुसरी तुमच्या गळ्यात मारतात.

आता आपल्या ऐकण्याचं बोलू, कारण रिव्ह्यू लिहिणारे निम्मे लोक इलेक्ट्रॉनिक बास आणि रॉक ऐकून मत देतात. इथे बसलेल्या बऱ्याच जणांकडे जुनी मैफलीची रेकॉर्डिंग असणार, मोनो, टेपची सूं सूं असलेली, आकाशवाणीवरून उतरवलेली. यात वरचे सूर चढवलेला हेडफोन लावला की गवई मागे आणि टेपची हिस पुढे. 600 आणि 650 इथे जिंकतात कारण त्यांचा मधला भाग, जिथे गळा आणि हार्मोनियम राहतात, तो फार सरळ आहे. आणि हरतात कुठे? 100 हर्ट्झच्या खाली. डग्ग्याची घुमक जिथे पोटात जायला पाहिजे तिथे हा हेडफोन हळूहळू उतरायला लागतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज साधारण 69 हर्ट्झवर असतो, आता तुम्ही म्हणाल मग तानपुरा बिघडणार, पण नाही बिघडत, कारण त्या तारेत मूळ सूर तसा कमीच असतो आणि जवारीने उठवलेले वरचे स्वरांश भरपूर, मूळ सूर आपला मेंदू भरून काढतो. डग्ग्याच्या बाबतीत मेंदू एवढी मदत करत नाही. तर तबला सोलो ऐकणारे असाल तर प्लेनर हेडफोन, म्हणजे ज्यांच्या आत सपाट पातळ पडदा हलतो ते, ऐकून बघा, हायफायमॅनचा सुंदरा वगैरे, त्यांचा बास खाली बराच सरळ जातो.

अजून एक, जे दुकानदार सांगत नाही. हे सगळे ओपन-बॅक आहेत, जाळीतून आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. खिडकी कर्वे रोडवर उघडत असेल किंवा शेजारच्या खोलीत कुकरच्या शिट्ट्या चालू असतील तर ओपन-बॅकवर खर्च करू नका, आधी चांगला क्लोज्ड-बॅक घ्या. एप्रिलमध्ये तर पंखा आणि तानपुरा यातलं एकच निवडावं लागतं.

बरं, अ‍ॅम्प. हेडफोनला ताकद पुरवणारा डबा तो. इथे सगळ्यात जास्त पैसा वाया जातो आणि सगळ्यात जास्त भीती पण दाखवतात. '300 ओहम आहे सर, फोनवर चालणारच नाही.' ओहम म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्याचं माप, त्या अडवण्यालाच इम्पिडन्स म्हणतात. चला, आपण हिशोब करू, शाळेतलं गणित आहे.

एचडी 650 च्या स्पेकमध्ये लिहिलंय 1 व्होल्टला 103 डेसिबल. अ‍ॅपलचा तो छोटा यूएसबी-सी डोंगल, फोनला हेडफोन जोडायचा तुकडा, हजाराच्या आसपास मिळतो तो, साधारण 1 व्होल्ट देतो (युरोपातला नाही, तो अर्धाच देतो, आणि काही अँड्रॉइड फोनवर आवाज मुद्दाम कमी ठेवल्यासारखा होतो, ते बघून घ्या). म्हणजे शिखरं, गाण्यातले सगळ्यात मोठे क्षण, 103 डेसिबलपर्यंत. गाण्याची सरासरी पातळी शिखरांपेक्षा समजा 18 खाली, म्हणजे 85. आता 85 डेसिबल म्हणजे किती, तर कामाच्या जागी आठ तासांच्या वर नको म्हणतात तेवढं, आणि त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे नवीन, जोरात मास्टर केलेलं गाणं असेल तर हजाराच्या डोंगलवर 300 ओहमचा हेडफोन कानाला पुरून उरतो. मग लोकांना कमी का पडतो? कारण रेकॉर्डिंग जुनं, हळू, त्याची शिखरंच 6 डेसिबल खाली, तिथे 6 गेले. वर तुम्ही इक्वलायझर लावला, बास 6 ने उचलायचा तर क्लिपिंग (आवाज फाटणं) टाळायला सगळा आवाज आधी 6 ने खाली आणावा लागतो, अजून 6 गेले. 85 चे 73 झाले, वर पंखा. आता खरोखर कमी पडतं, आणि लोकांना वाटतं हेडफोन 'उघडत' नाहीये.

हे 12 डेसिबल परत पाहिजेत तर चौपट व्होल्टेज पाहिजे, 4 व्होल्ट. 300 ओहममध्ये 4 व्होल्ट म्हणजे 53 मिलिवॉट. बस्स, एवढंच! वॉट नाही, मिलिवॉट. आणि एचडी 800 ला पण जवळजवळ तेवढंच लागतं, त्याचेही 300 ओहमच आहेत, म्हणजे हेडफोन चौपट महाग झाला म्हणून अ‍ॅम्प चौपट महाग लागत नाही. ज्यांच्याकडे 2021 किंवा त्यानंतरचा 14 किंवा 16 इंची मॅकबुक प्रो आहे त्यांनी तर खिशातलं पाकीट आतच ठेवा, त्याचा जॅक 150 ओहमच्या वरचा हेडफोन ओळखून 3 व्होल्टपर्यंत देतो.

आपल्याकडच्या वस्तूचे व्होल्ट किती हे कुठे लिहिलेलं नसतं, तर स्वतः मोजा. 50 हर्ट्झचा फुल लेव्हल टोन लावायचा, आवाज पूर्ण वाढवायचा, हेडफोन कानावर नाही हं, टेबलावर किंवा काढूनच ठेवा, आणि साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून जॅकवर लावायचा. घरातली वीज 50 हर्ट्झचीच असल्याने स्वस्तातला मीटरसुद्धा इथे खोटं बोलत नाही.

अ‍ॅम्प खरा कुठे लागतो ते सांगतो. हायफायमॅनचा जुना एचई-6, 50 ओहम, 1 मिलिवॉटला 83.5 डेसिबल. 110 डेसिबलची शिखरं हवी तर जवळपास 450 मिलिवॉट, 650 ला त्यासाठी 17 पुरतात. इथे व्होल्टही जास्त लागतात आणि करंट तर खूपच जास्त, डोंगल इथे हात टेकतो. आणि स्पेक वाचताना एक लबाडी बघा, कोणी डेसिबल दर व्होल्टला देतं, कोणी दर मिलिवॉटला, दोन्ही आकडे सरळ शेजारी ठेवले तर फसाल. नुसते ओहम बघून तर काहीच कळत नाही.

2011 मध्ये एनडब्ल्यूएव्हीगाय असं टोपणनाव घेतलेल्या एका माणसाने ओ2 नावाचा अ‍ॅम्प डिझाइन करून अख्खं सर्किट आणि मोजमापं फुकट टाकली, नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालणारा डबा, आणि महागड्या अ‍ॅम्पवाल्यांना म्हणाला मोजून दाखवा. लोक खवळले. 2012 मध्ये हा माणूस गायबच झाला, तो कोण होता हे त्याने कधी सांगितलं नाही. पण तो गेल्यावर बाजार बदलला, मोजमाप दाखवायचा दबाव वाढला आणि स्वस्तात स्वच्छ अ‍ॅम्प मिळायला लागले. माझं मत विचाराल तर ओ2 च्या पुढे जे पैसे जातात ते आवाजासाठी कमी आणि नॉबसाठी जास्त. चांगला नॉब मलाही आवडतो.

ट्यूबवाले, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या ट्यूबवर चालणारे अ‍ॅम्प वापरणारे, हात वर करतायत, दिसतंय मला. ट्यूबने फरक पडतो, कारण पण साधं आहे. एचडी 600 कागदावर 300 ओहम, पण बासमध्ये, 100 हर्ट्झच्या जरा खाली, तो 500 च्या आसपास चढतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या ट्यूब अ‍ॅम्पचा स्वतःचा इम्पिडन्स 100 ओहम धरला तर बासला जवळपास 1 डेसिबल जास्त मिळतो. तीच ती 'ट्यूबची ऊब', निदान तिचा मोठा हिस्सा. तेच इक्वलायझरमध्ये फुकट होतं, पण ट्यूब रात्री दिसतात छान, घ्यायचा तर घ्या. प्लेनरला मात्र हा अ‍ॅम्प लावू नका, त्यांचा इम्पिडन्स सपाट, तिथे ही ऊब मिळत नाही, फक्त ताकद वाया जाते.

दोन अ‍ॅम्प दुकानात ऐकताना आवाज सारखा करून घ्या, कानाने नाही, तोच मल्टिमीटर आणि तोच टोन घेऊन. अर्धा-एक डेसिबल जास्त असलेला अ‍ॅम्प 'जास्त मोठा' वाटत नाही, 'जास्त चांगला' वाटतो, आणि विकणाऱ्याला हे तुमच्याआधी माहीत असतं. मीटर खिशातून काढल्यावर तो कसा बघतो तेही बघा.

कोणीतरी मागून डॅकचं, म्हणजे डिजिटल फाइलचा विजेचा सिग्नल करणाऱ्या भागाचं, विचारलं. तो सगळ्यात शेवटी घ्यायचा. आणि केबल? केबल तुटली की.

त्याआधी पॅड, म्हणजे कानाभोवतीच्या गाद्या, बदला. आपल्या हवेत, मुंबई-कोकणात तर जास्तच, फोम बसतो, पॅड चपटे होतात, ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) कानाच्या जवळ येतो आणि सूर बदलतो, आणि माणूस म्हणतो अ‍ॅम्प बदलायला पाहिजे. 600 चं मला सगळ्यात हेच आवडतं की पॅड, केबल, हेडबँडचा फोम, सगळं हाताने निघतं आणि सुटं विकत मिळतं. सेकंडहँड घेताना आधी पॅड दाबून बघा, ते बसलेले असतील तर नव्या पॅडचे पैसे किमतीतून तिथेच कापून घ्या.