सुट्टे पैसे

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय का? येतंय, बरं. पत्रिकेवर माझ्या नावाखाली 'महानगरातील वांशिक तणाव आणि सामाजिक सलोखा : लॉस एंजेलिसचा अनुभव' असं काहीतरी भारदस्त छापलंय, ते नाव मी दिलेलं नाही हो. मी फोनवर 'सुट्टे पैसे' एवढंच सांगितलं होतं, तर आयोजक म्हणाले लोक म्युच्युअल फंडावर आहे समजून येतील. म्हणलं येऊ देत की, तेवढीच गर्दी. (हशा)

तर १९९० साली मी एमएस करायला लॉस एंजेलिसला गेलो आणि दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत खिसा साफ झाला. व्हिसावर बाहेर काम करायची परवानगी नव्हती, तरी केलं, आता पस्तीस वर्षं झाली म्हणून सांगतोय, वकिलातीतलं कुणी बसलं असेल तर त्यांनी पाच मिनिटं कानात बोटं घालावीत. काम मिळालं शहराच्या साउथ सेंट्रल नावाच्या भागातल्या एका दुकानात. दूध, ब्रेड, सिगारेट, डायपर, लॉटरीचं तिकीट आणि भिंतभर दारू. आपल्या किराणा दुकानाचं आणि वाईन शॉपचं लग्न लावल्यासारखं. गिऱ्हाईक बहुतेक कृष्णवर्णीय, मालक कोरियन, गल्ल्यावर मी, आणि मध्ये बुलेटप्रूफ काच. दिवसा काचेतली छोटी झडप उघडी असायची, अंधार पडला की बंद.

मालक सोलमध्ये सिव्हिल इंजिनियर होता. त्याची डिग्री अमेरिकेत कोणी विचारली नाही. मग दुकान घेतलं कुठून? भिशीतून! कोरियन लोकांची अगदी आपल्यासारखी भिशी असते, त्याला ते 'के' म्हणतात. आमच्या आईच्या भिशीतून जास्तीत जास्त मिक्सर आला, यांच्या भिशीतून अख्खं दुकान यायचं. आणि दुकानं विकायला होती, कारण १९६५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्याच वॉट्स भागात दंगल झाली, ३४ माणसं मेली, आणि तिथले जुने दुकानदार, त्यात बरेच ज्यू, हळूहळू विकून निघून गेले. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा बदलून आशियातल्या लोकांना दार उघडलं. म्हणजे मी आणि माझा मालक एकाच दारातून आत आलेले, फक्त मला युनिव्हर्सिटी मिळाली आणि त्याला सोळा तासांचा गल्ला.

आता मुद्द्याचा म्हातारा. रिटायर्ड बस ड्रायव्हर, मूळचा लुइझियानाचा, रोज सकाळी पेपर आणि एक केळं घ्यायचा. मी नवीन होतो, पैसे घेतले, सुट्टे काढले आणि काउंटरवर ठेवले. तो उचलेचना. मागे लाईन लागली. त्याने एका बोटाने ती नाणी माझ्याकडे परत सरकवली, एकेक करून, चार नाणी होती, मग झडपेतून तळहात आत घातला आणि म्हणाला, "बाळा, मला हात आहे." बस, एवढंच. आवाज चढवला नाही की काही नाही. मी ती नाणी उचलून त्याच्या हातावर ठेवली तेव्हा माझेच कान तापले होते. नंतर ओळख झाल्यावर त्याने सांगितलं की लहानपणी लुइझियानात गोरे दुकानदार याच्या आईचे सुट्टे काउंटरवर टाकायचे, हाताला हात लागू नये म्हणून. सगळं सोडून दोन हजार मैल लांब आलो, म्हणाला, आणि इथेही काउंटरच.

मालकिणीला विचारलं तर तिचं वेगळंच. अनोळखी पुरुषाच्या हाताला हात लावायचा नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, उगाच दात दाखवायचे नाहीत, हे तिच्या घरचं वळण. म्हणजे ती तिच्या मते मर्यादा पाळत होती आणि समोरच्याला तो अपमान वाटत होता. त्या काळात पेपरवाले, सल्लागार, झाडून सगळे हेच सांगायचे, 'सांस्कृतिक गैरसमज'. शिबिरं व्हायची, दुकानदारांना हसायला शिकवायचे. मलाही ते पटलं होतं, दोन-तीन दिवस.

मग रात्री झडप लावताना आजोबा आठवले. सातारा जिल्ह्यात आमच्या आजोबांचं किराणा दुकान होतं, गल्ल्यापुढे लाकडी फळी, मधोमध झिजून गुळगुळीत झालेली. काही गिऱ्हाइकांना आजोबा सुट्टे हातात द्यायचे आणि काहींचे फळीवर ठेवायचे. तेल ओततानाही भांडं वरून धरायचे. कोणाचे फळीवर ते मी सांगायची गरज नाही, इथे बसलेल्या सगळ्यांना कळलंय, काही जण आता चप्पल बघायला लागलेत. (शांतता) आजोबा शिवराळ नव्हते, उधारी द्यायचे, अडल्यानडल्याला धावायचे, भजनाला बसायचे. पण फळी ती फळीच. आणि मी दहा वर्षांचा असताना शेजारी बसून ते बघत होतो, कोणी न शिकवता शिकत होतो. तेव्हा मालकिणीचा गैरसमज असेल, माझा नव्हता. माझ्या हाताला बरोबर माहीत होतं तो काय करतोय.

पिकनिकला आपली मराठी मंडळी जमायची तेव्हा 'ते लोक' असंच बोलणं चालायचं, तिकडे घर घेऊ नको, रात्री सिग्नलला थांबू नको. आम्हाला गोऱ्यांनी कुठे भाडं नाकारलं की मात्र वंशभेद! एकदा मी हे बोललो तर पुढच्या पिकनिकचा पत्ताच मला उशिरा कळला. श्रीखंड संपलेलं होतं. (हशा) हा किस्सा मी जरा जास्तच सांगतो असं बायको म्हणते, असो.

हे एवढं का सांगतोय, तर १६ मार्च १९९१. लटाशा हार्लिन्स, पंधरा वर्षांची मुलगी, साउथ सेंट्रलमधल्याच एका दुकानात शिरली. एक डॉलर एकोणऐंशी सेंटची संत्र्याच्या ज्यूसची बाटली घेतली, पाठीवरच्या बॅगेत खोचली. दुकानाच्या कोरियन मालकिणीला वाटलं चोरतेय. झटापट झाली, मुलगी बाटली काउंटरवर ठेवून पाठ फिरवून निघाली, आणि मालकिणीने डोक्यात मागून गोळी घातली. मुलीच्या हातात दोन डॉलर होते. हिशोब करा. एकवीस सेंट सुट्टे परत यायचे होते. नोव्हेंबरमध्ये शिक्षा झाली ती पाच वर्षं प्रोबेशन, चारशे तास समाजसेवा आणि पाचशे डॉलर दंड. तुरुंगवास शून्य. दुसऱ्या दिवशी म्हातारा आला, पेपर घेतला, केळं घेतलं नाही. सुट्टे मी हातात द्यायला गेलो तर त्यानेच हात मागे घेतला, काउंटरवर ठेव म्हणाला.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' अहो, मी अजून १९९२ च्या दंगलीपर्यंत पोचलोच नाही! ठीक आहे, पटापट.

लटाशाच्या आधी तेराच दिवस, ३ मार्चला, रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी रस्त्यावर आडवा पाडून मारलेलं, शेजारच्या एकाने बाल्कनीतून शूट केलं, सगळ्या जगाने बघितलं. चार पोलिसांवर खटला, तो शहराबाहेर सिमी व्हॅलीत नेला, ज्युरीत एकही कृष्णवर्णीय नाही, आणि २९ एप्रिल १९९२ ला दुपारी जवळजवळ सगळ्या आरोपांतून निर्दोष. संध्याकाळी शहर पेटलं. साठच्या वर माणसं गेली, सुमारे एक अब्ज डॉलरचं नुकसान. कोरियन लोकांची दोन हजारांहून जास्त दुकानं लुटली, जाळली, पोलीस तिकडे फिरकलेच नाहीत, लोक छपरावर बंदुका घेऊन बसले. ते या दंगलीला अजूनही नुसत्या तारखेने ओळखतात, 'सा-ई-गू', चार-दोन-नऊ. आमचं दुकान दुसऱ्या दिवशी गेलं. मालकाचा विमा कुचकामी निघाला, पण भिशीचे हप्ते चालूच होते.

आणि याला काळे विरुद्ध कोरियन म्हणू नका. अटक झालेल्यांत अर्ध्याच्या आसपास लॅटिनो, म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे लोक होते. जवळच्या साउथ गेटमधला फायरस्टोनचा टायर कारखाना १९८० ला बंद झाला, जनरल मोटर्सचा मोटारींचा १९८२ ला, चांगला पगार गेला आणि कोपऱ्यावर दारूचं दुकान तेवढं उरलं. भांडायला समोर गल्ल्यावरचा माणूस असतो, कारखाना बंद करणारा कुठे दिसतो?

समित्यांचं विचाराल तर या दोन समाजांत सलोखा राखायला ब्लॅक-कोरियन अलायन्स नावाची समिती १९८६ पासून होती, चांगली माणसं, नियमित बैठका, दंगलीनंतर त्याच वर्षी विसर्जित. उलट आपल्याकडे भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे साहेबांनी मोहल्ला समित्या केल्या आणि ९२ च्या डिसेंबरात मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. फरक काय? माझ्या मते भिवंडीत रोज समोरासमोर येणारी माणसं पोलिसांसोबत बसत होती, तिकडे प्रतिनिधी बसायचे. यावर स्वतंत्र व्याख्यान होईल, आयोजकांनी मनावर घ्यावं.

नंतर काय झालं? पोलीसप्रमुख गेट्स यांना जावं लागलं, प्रमुखाच्या कारकिर्दीला मर्यादा आली. जळालेली दारूची दुकानं पुन्हा उघडू देऊ नका म्हणून वस्तीतल्या लोकांनी चळवळ केली, तिच्या पुढाऱ्यांपैकी कॅरन बास २०२२ मध्ये निवडून येऊन शहराच्या महापौर झाल्या. कोरियन दुकानदारांना तेव्हा हा दुसरा मार वाटला, आणि मला दोन्ही बाजू पटतात, काय करणार. शहराने २००३ मध्ये 'साउथ सेंट्रल' हे नावच काढून 'साउथ लॉस एंजेलिस' केलं. वस्ती आता बहुतांश लॅटिनो.

दुसरी चिठ्ठी आली, हिच्यावर नुसती घड्याळाची खूण आहे. संपवतो.

मागे मुलीकडे गेलो होतो तेव्हा तिला घेऊन तिकडे चक्कर मारली. आमच्या दुकानाच्या जागी कपडे धुवायची लाँड्री झालीय. काच नाही, काउंटर नाही, माणूसही नाही, नुसती मशिनं घरघरतायत. कोपऱ्यात सुट्टे करून द्यायचंही मशीन होतं. मी पाच डॉलरची नोट घातली, मशीनने ती एकदा बाहेर थुंकली, सरळ करून परत घातली, आणि वीस नाणी खळाळत खालच्या पत्र्याच्या वाटीत पडली.