तार उशिरा पोचली

६ फेब्रुवारी १९५८. मँचेस्टरमधल्या एका घरी तार येते, घरमालकीणबाईंच्या नावाने. 'सगळी उड्डाणं रद्द. उद्या निघतो. डंकन.'

तार हातात पडली तेव्हा विमान कोसळलेलं होतं.

डंकन एडवर्ड्स. वय २१. मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचा लेफ्ट हाफ, म्हणजे मधल्या फळीत डावीकडे खेळणारा.

जन्म १९३६ चा, इंग्लंडमधल्या डडलीचा. कोळसा आणि लोखंडावर जगणारा हा मुलूख. वडील लोखंडाच्या कारखान्यात. शाळेत असताना हा दांडगा पोरगा मॉरिस नाचात पण असायचा. पायाला घुंगरं बांधून नाचतात, तो इंग्लंडचा लोकनाच. पुढे ज्याच्या अंगावर जायला भलेभले कचरायचे, तो हा!

सोळा वर्षं आणि १८५ दिवसांचा असताना तो पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या तेव्हाच्या सर्वात वरच्या लीगमध्ये उतरला. कार्डिफने ती मॅच ४-१ अशी मारली. दोन वर्षांनी लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडची जर्सी, समोर स्कॉटलंड, इंग्लंड ७-२ ने जिंकलं. महायुद्धानंतर इंग्लंडकडून इतक्या लहान वयात कोणी खेळलं नव्हतं. हा विक्रम मोडायला १९९८ साल आणि मायकेल ओवेन यावा लागला.

पण मला जास्त आवडते ती सायकलची गोष्ट. इंग्लंडचा खेळाडू रात्री सायकलवरून घरी निघालाय, दिवा नाही. पोलिसांनी धरलं, कोर्टाने दंड केला, आणि वर क्लबने दोन आठवड्यांचा पगार कापला.

बेलग्रेडला रेड स्टार या तिथल्या क्लबशी ३-३ बरोबरी करून संघ युरोपियन कप या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचला. परतताना इंधनासाठी म्युनिकला थांबा. धावपट्टीवर अर्धवट वितळलेल्या बर्फाचा चिखल. दोनदा उड्डाण सोडून द्यावं लागलं. तिसऱ्यांदा विमान वेग घेता घेता मंदावलं, कुंपण तोडून एका घरावर आदळलं. दोष वैमानिकावर टाकला गेला. खरा दोष त्या चिखलाचा, हे ब्रिटिश चौकशीने मान्य करायला १९६९ उजाडलं.

युनायटेडचे सात खेळाडू जागीच गेले. डंकन वाचला. पाय मोडलेले, मूत्रपिंडं निकामी. कृत्रिम मूत्रपिंडाचं यंत्र मागवलं गेलं. सहायक मॅनेजर जिमी मर्फी भेटायला आले, तर हा विचारतो, "जिमी, वुल्व्ज्‌ची मॅच किती वाजता? ती चुकवून चालायचं नाही."

पंधरा दिवस तो झुंजला. २१ फेब्रुवारीला गेला.

डडलीच्या दफनभूमीत, तान्हेपणी गेलेल्या धाकट्या बहिणीजवळ त्याला पुरलं. काळ्या दगडावर थ्रो-इन घेणारा डंकन कोरलाय. वडिलांनी पुढे कारखाना सोडला, आणि त्याच दफनभूमीत माळ्याचं काम धरलं.