जर्मनचं पातेलं आणि मुका शेजारी

मंडळी, लहानपणी आमच्या गल्लीत भंगारवाला यायचा तो 'तांबं, पितळ, जर्मऽऽन' अशी आरोळी ठोकत. आजी बजावायची, 'जर्मनच्या पातेल्यात आमटी ठेवू नका रे, चिंच आहे तिच्यात.' त्यामुळे जर्मन हा धातूच, याबद्दल मला शंका नव्हती. पुढे भूगोलात जर्मनी भेटली, तेव्हा तिथली घरंसुद्धा ॲल्युमिनियमची असतील असं वाटलं होतं!

गंमत प्रत्ययात आहे. 'जर्मन भांडं' म्हटलं तर ते जर्मनीहून आलेलं. 'जर्मनचं भांडं' म्हटलं की ॲल्युमिनियमचं. लाकडाचं, पितळेचं, तसं जर्मनचं. एका 'चं'ने अख्ख्या राष्ट्राचा पत्रा केला. माझा तर्क असा की वाट 'जर्मन सिल्व्हर'वरून आली असावी. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी औषधालाही नसते. चीनमध्ये पूर्वापार होणाऱ्या पांढऱ्या तांब्याची नक्कल एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत जमली, म्हणून हे नाव. मग पांढरं, स्वस्त आणि चकचकीत ते सगळंच जर्मन झालं असेल.

पण खुद्द जर्मन माणूस स्वतःला जर्मन म्हणतच नाही. तो म्हणतो 'डॉइच'. या शब्दाचं मूळ 'लोकांचं' असं आहे. चर्चची लॅटिन एकीकडे आणि लोकांची बोली दुसरीकडे, आपल्या संस्कृत-प्राकृतासारखंच. हाच शब्द इंग्रजांनी 'डच' करून हॉलंडवाल्यांना चिकटवला. जुन्या मराठीत मात्र ते वलंदेज. वेंगुर्ल्याला वखार होती ती यांचीच.

'जर्मन' हा शब्द रोमनांकडून आला. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सीझरने ऱ्हाईनपलीकडच्या टोळ्यांना 'जर्मानी' म्हटलं. त्या लोकांचं एक साम्राज्य झालं ते 1871 साली. म्हणजे नाव आधी, देश एकोणीस शतकांनी. फ्रेंचांनी शेजारच्या आलेमान टोळीवरून देशाला 'आलमान्य' म्हटलं, फिनलंडवाल्यांनी सॅक्सनांवरून 'साक्सा'. ज्याला जी टोळी भेटली, त्याने तेच नाव सगळ्यांना दिलं. आपण नाही का, दक्षिणेतल्या चार राज्यांना सरसकट 'मद्रासी' म्हणत होतो?

सगळ्यात झणझणीत नाव स्लाव्ह भाषांतलं. रशियनमध्ये जर्मन माणूस म्हणजे 'न्येमेत्स', आणि त्या शब्दाच्या मुळाशी 'मुका' आहे. आपली भाषा ज्याला येत नाही तो मुका! आपण हसायचं कारण नाही. 'म्लेच्छ' हा शब्दही अस्पष्ट बोलणाऱ्यासाठीच होता. पुढे अरबीत हेच 'न्येमेत्स' पोचलं आणि तिथे ऑस्ट्रियाचं नाव झालं.

संस्कृतने मात्र जर्मनांचा पाहुणचार केला. जर्मनी झाली 'शार्मण्य देश' आणि ऋग्वेद छापणारे मॅक्सम्युलर झाले 'मोक्षमूलर भट्ट'. शर्मन् म्हणजे सुख, आसरा. शिवाय आडनाव ब्राह्मणाचं! इतकी बढती दुसऱ्या कुठल्या भाषेने त्यांना दिली असेल असं वाटत नाही.

आता पुण्यात घरोघरी पोरं जर्मन शिकतात आणि 'चं'ची पंचाईत नव्याने सुरू झाली आहे. परवा माझी भाची स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, 'आजी, माझं जर्मनचं राहिलंय अजून.'

आजी म्हणाली, 'मग घासून टाक की. काथ्या तिथेच आहे.'